पट्टीचा अंदाज

“मुलीच्या गळ्यातली पट्टी मेंदूतलं ओळखून इतकं स्वच्छ बोलते, मग स्पीच थेरपी कशाला, ताई?” पराडकर साहेबांनी सुनेत्राचा सरकारी मदतीचा अर्ज परत सरकवला.

पाच वर्षांच्या स्वमग्न शर्वाणीने ओठ हलवताच पट्टी म्हणाली, “मला पाणी हवे आहे. धन्यवाद.”

“बघा!”

“पट्टीला घाई असते, साहेब. हिला थांबणारं माणूस हवंय.” सुनेत्राने लेकीची पट्टी काढली. “आता थांबा.”

साहेब घड्याळाकडे बघत राहिले. विसाव्या सेकंदाला शर्वाणीने खिडकीकडे बोट केलं आणि अडखळत म्हणाली, “पा...खरू.”

गजावर खरंच चिमणी बसली होती.

“पट्टी तर पाणी म्हणाली!”

“तो पट्टीचा अंदाज. हे माझ्या लेकीचं बोलणं,” सुनेत्रा ताठ मानेने म्हणाली.

साहेबांनी अर्ज ओढून घेतला आणि सही केली.