बाथरूमचं दार

बारावीनंतर पुढे काय शिकायचं, यावरून घरात महिनाभर खडाजंगी चालली होती. तिला आर्किटेक्चरल इंजिनिअरिंग घ्यायचं होतं आणि बाबांना मेकॅनिकलशिवाय दुसरं काही ऐकायचंच नव्हतं. "भिंतीत काय डोंबल शिकायचंय? त्याला गवंडी आहेत की!" असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. ती मुकाट्याने यंत्रांकडे वळली.

पुढे बाबांचे पाय गेले, तेव्हा तिने स्वतः डोकं लावून त्यांना चाकांची खुर्ची बनवून दिली. एका बोटाने वळणारी, उंबरठा सहज चढणारी. आल्यागेल्याला बाबा ती चालवून दाखवत आणि वर म्हणत, "माझं ऐकलं म्हणून झालं हो हे!"

आजही पाहुण्यांपुढे तेच झालं. पाहुणे गेले, तसे बाबा हळूच म्हणाले, "अगं, बाथरूमला जायचंय."

खुर्ची रोजच्यासारखी बाथरूमच्या दारात अडली. ती याहून अरुंद केली तर कलंडत होती. दार रुंद करावं, तर कुठली भिंत फोडता येते आणि कुठल्या भिंतीवर वरचा मजला उभा आहे, हे तिला कळत नव्हतं. तिने बाबांच्या काखेत हात घालून त्यांना उचललं.

"बाबा, उद्या गवंडी बोलावते," ती धापा टाकत म्हणाली.

"वेडी का काय तू?" तिच्या गळ्यात हात घट्ट अडकवून बाबा म्हणाले. "गवंड्याला काय कळतंय त्यातलं? घर पाडेल! चांगला शिकलेला माणूस बघ."