प्रबंधापुरतं भांडण

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. पदार्थविज्ञान शिकलेला जयवंत आता 'शांतता आणि संघर्ष' या नव्या विषयात प्रबंध लिहीत होता. मुलुंडच्या एका चाळीत गच्चीवर पापड वाळवण्यावरून रोज भांडणं होतात, असं ऐकून तो तिथे आला. पण पाहुण्यासमोर सगळ्याजणी गोडच बोलायच्या, आणि त्याचा प्रबंध अडून राहिला.

शेवटी सुगंधाकाकूंना दया आली. "प्रेमा, पोराच्या डिग्रीसाठी आज जरा भांडूया. सुरुवात तू कर."

"मी का? नेहमी तूच करतेस ना."

"मी करते? तोंड सांभाळून बोल गं."

बघता बघता दोघींनी एकमेकींचं माहेर उद्धरलं. जयवंतने हरखून पेन काढलं.

सुगंधाकाकू मध्येच त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "हे लिहायचं नाही रे. हे खरं भांडण आहे."