कातळवेलीची मात्रा

पडद्यावरच्या तनूने तोंड घट्ट मिटून घेतलं. संगणकाने उभी केलेली ती प्रतिकृती खऱ्या तनूइतकीच हट्टी होती.

"तुम्ही सांगितलंत तरच पिईल," डॉक्टर पेडणेकर हर्षदाला म्हणाले. "कातळवेलीचा अभ्यास कुणीच केलेला नाही. किती रस जिवावर बेततो, ते ह्या प्रतिकृतीवरच बघावं लागेल."

शेजारच्या खाटेवर खरी तनू तापाने फणफणली होती. दुसरं औषध उरलं नव्हतं.

"पी गं, बाळा. काही होत नाही," हर्षदा पडद्याला म्हणाली.

ती प्यायली. मग आणखी थोडा रस, पुन्हा तेच आर्जव. शेवटी आईकडे बघणारे ते डोळे तसेच उघडे राहिले.

"कळली मात्रा. तनूला पहिल्या वेळेइतकाच द्या, तेवढा सोसतो," म्हणत डॉक्टरांनी वाटी पुढे केली.

आईला पाहून खऱ्या तनूने मुकाट्याने आ केला. हर्षदाचा हात काही केल्या उचलेना.