मागच्या सीटचा पट्टा

आर्वीचे रुपेश आणि जागृती पहिली गाडी घ्यायला वर्ध्याला आले होते. चालवून पाहताना रुपेशशेजारी शोरूमचा कैलास बसला, मागे जागृती. रस्त्याला लागताच तिच्या बाजूच्या रिकाम्या सीटच्या पट्ट्याची सूचना वाजू लागली.

"सीटवर वजन असलं तरच वाजते, ताई. सेन्सर बिघडला असन," कैलास म्हणाला.

त्याने दुसरी गाडी काढली. तिच्यातही तीच सीट वाजली.

शेवटी जागृतीने तो पट्टा ओढून लावला. आवाज थांबला.

"पाह्य, झालं बंद. हेच घेऊन टाकू का?" रुपेशने आरशातून विचारलं.

जागृतीने शेजारी पाहिलं. पट्टा सीटला टेकला नव्हता. वीतभर पुढे, झोपलेल्या माणसाच्या छातीवर असावा तसा, तो संथपणे वर-खाली होत होता.