बारीक खोडी

आमच्या वर्कशॉपात पवनीच्या राइस मिलचा पाइप काटकोनात वळवाचा होता, पाच तुकडे जोडून. यादोराव मिस्त्रीनं मनातच हिशेब केला: चार सांधे, हरेक सांध्याले दोन्ही बाजूनं सव्वा अकरा अंशाचे काप. खडूनं खुणा मारल्या अन् चहाले गेले. मी एक खूण पुसून जराशी सरकवली. त्याईच्या हाताखालच्या वीस वर्षांत माही अशी खोडी त्याईनं दर खेपेले पकडली होती अन् मले शिव्या हासडल्या होत्या.

आज त्याईनं त्या सरकवलेल्या खुणेवरच आरी लावली. पाइप वाया जाईन म्हणून मीच हात धरला. "काय दादा, आज शिव्या नाही?"

त्याईनं मालकाच्या खोलीकडे पाहिलं. मंग हळूच म्हणाले, "गोपीचंद, खोडी करशीन त मोठी करत जा गड्या. बारीक मले आता दिसत नाही."