दुपदरी मलमल

टक टक टक.

दुपारच्या शांततेत टेबलावर अंगठी वाजली. आतल्या खोलीतून कुणी आलं नाही. आईनं पुन्हा वाजवली, जरा जोरात.

"आले गं!" लेक ओरडली. पण आली नाही.

"येईल भूक लागली की," नणंद म्हणाली. "तोवर आपण कापड तरी ठरवू."

नणंद घरीच शिवणकाम करायची. तिचं मशीन आणि तोंड एकदमच चालायचं. दोन्ही सुरू असली की मध्ये कुणाला शब्द घालायला सुईच्या नेढ्याएवढीही जागा उरत नसे. सगळे वैतागत. आईला मात्र हल्ली ते बरंच वाटे.

टेबलावर तुकड्यांचा ढीग होता. मायलेकींच्या करड्या कोटांवर शोभतील असे जोडीचे स्कार्फ हवे होते. शनिवारी शाळेत थंडीच्या पोशाखाचा कार्यक्रम होता. मुलानं घरातलं एक मोठं माणूस आणायचं, दोघांनी एकसारखं काहीतरी घालायचं. लेकीनं ऐकल्या ऐकल्या जाहीर करून टाकलं होतं, "मी आत्याला नेणार."

तेव्हा आई हसली होती. आणि मग भांडी घासायला बसली होती, घासलेलीच.

स्कार्फ मनासारखा जमला तर लेक आपल्याला नेईल, अशी वेडी आशा धरून ती आज इथे आली होती.

"ही बघ लोकर. मऊसूत आहे."

तिनं तुकडा गळ्याशी धरला, थोडी थांबली आणि बाजूला ठेवला. बोटाला चिकटलेला बारीक तंतू उजेडात धरून दाखवला.

"खरंच की, सुटतात मेलीचे. मग मखमल घे."

मखमलीत ती राणीसारखी दिसत होती. पण घटकाभरातच तिनं तीही ओढून काढली.

"कोंडतंय? गेलं मग राणीपद." नणंदेनं मखमल घडी करून ठेवली. "तुझ्या नवऱ्यानं लग्नाचा सूट इतका पारखला असता तर! पहिला हाती लागला तो चढवला. पँट चार बोटं आखूड. सगळ्या फोटोंत मोजे आधी दिसतात, नवरामुलगा नंतर!"

आई खांदे गदगदवून हसली.

ढिगाच्या तळातून गुलबक्षी मलमल निघाली, पांढऱ्या बारीक ठिपक्यांची. तिनं ती गळ्याशी धरली आणि धरूनच ठेवली.

"थंडीत मलमल? लोक म्हणतील, उन्हाळा विसरून गेला हिच्याकडे." पण नणंदेनं स्वतःच मान डोलावली. "वारा खेळतो मात्र. दुपदरी करते. शोभेलही आणि..." वाक्य तिथेच सोडून तिनं कात्री उचलली.

तेवढ्यात लेक आली आणि टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसली. पूर्वी आली की थेट आईच्या गळ्यात पडायची. उन्हाळ्यापासून मिठी कमरेवर आली होती. मुलं मोठी होतात गं, अशी बापानं समजूत घातली होती.

"दोन कुणाला?" लेकीनं विचारलं.

"एक तुला, साळुंकी. एक आईला."

"पण मी तुला नेणार आहे."

"मला गिऱ्हाइकं आहेत शनिवारी."

"आत्या, बाई सगळ्यांना पुढे बोलावतात. तू छान बोलतेस."

"आणि तुझी आई छान दिसते. माझं थोबाड बघून बाई पळून गेल्या, तर शाळा कोण घेणार?"

लेक फिदीफिदी हसली आणि मग गुलबक्षी कापडाकडे बघत बसली. मशीन धडधडत राहिलं. आई टेबलावरचे दोरे गोळा करत राहिली. वर बघायचं धाडस तिला झालं नाही.

स्कार्फ तयार झाले. लेकीनं आपला घातला, आरशात पाहिलं, वळून आईकडे पाहिलं.

"खाली बस, आई. मी बांधते."

ती फरशीवर बसली.

"गळ्यावरचा आधीचा रुमाल राहू दे हं, त्याच्यावरूनच बांध," आत्या म्हणाली. "आणि सैल ठेव. गाठ मागे."

दाताखाली जीभ धरून लेकीनं गाठ मारली. इवली बोटं कितीतरी महिन्यांनी त्या मानेला लागली. आईनं श्वास धरून ठेवला.

"आता आपण सेम टू सेम." लेक मागे सरकून बघू लागली. "शनिवारी तू ये. पण आपण शेवटच्या रांगेत बसायचं."

तिनं मान हलवली. पुन्हा हलवली. गुलबक्षी टोकं डोलली.

लेक मात्र अजून बघतच होती. ती गुडघ्यांवर बसली, पुढे झुकली आणि बंद दाराला लावावा तसा तिनं आईच्या गळ्यावरच्या मलमलीला कान लावला. आत्यानं पुन्हा सुरू केलेलं मशीन थांबलं.

"आई, डॉक्टरांनी तुझा आवाज काढून घेतला ना, तो कुठे ठेवलाय गं? तिथे तो एकटाच मला हाका मारत असेल का?"