गवताचा आडोसा

चंद्रहासने कुदळीचा घाव घातला आणि भिंतीपलीकडून अस्थानाबाईंची हाक आली. भैया, जरा रुकिए.

तो थांबला. हातभर ओरखडे उठले होते आणि गवताचा बुंधा जागचा हलला नव्हता. पंपास. नर्सरीतून आणलं तेव्हा वीतभर होतं. तीन वर्षांत ते त्याच्या डोक्यावर गेलं, गाडीची जागा खाऊन बसलं, सामाईक भिंतीला त्याने तडा दिला आणि आता निम्मं अस्थानांच्या अंगणात ओणवलं होतं. इंदिरा नगरातल्या त्या गल्लीत लोक पांढरे तुरे बघायला थांबत. बँकेतल्या माणसाला बागेचा एवढा शौक, म्हणून कौतुक करत.

शौक कसला आलाय. खरं कारण तो आणि त्याची बायको मृणाल, दोघांनाच ठाऊक होतं. शेजारचे अस्थानासाहेब रेल्वेतून निवृत्त झाले आणि लगेच त्यांना लकवा मारला. तोंड वाकडं झालं, जीभ जड पडली. समजही गेली, असं लोक म्हणत. थंडीत बाई त्यांना उन्हात बसवून चमच्याने भरवत. निम्मं हनुवटीवरून ओघळे, आणि तेही नेमकं चंद्रहासच्या जेवणाच्या टेबलासमोरच्या खिडकीतून दिसे. पाहुणे आले की तो कानकोंडा होई. म्हणून गवत. लावताना, साहेब पलीकडे उन्हात बसलेले असतानाच, नवराबायको भिंतीपाशी खुशाल मोठ्याने बोलत होते, की हा म्हातारा एकदाचा डोळ्यांआड झाला म्हणजे घास गोड लागेल. लखनौला आल्यापासून त्यांना ती खोडच लागली होती. भाजीवाला असो की शेजारी, समोरच उभं राहून मराठीत त्याची उणीदुणी काढायची आणि वर गोड हसायचं.

आता बाई भिंतीचं काढणार. चोराच्या मनात चांदणं. चंद्रहास माफीची वाक्यं जुळवतच पलीकडे गेला.

बाईंनी भिंतीचं नावही काढलं नाही. साहेबांच्या खुर्चीशेजारी त्याला बसवलं आणि पदराने साहेबांचं तोंड पुसत त्या सांगू लागल्या. आजारी पडल्यावर सुरुवातीला ह्यांना उन्हात बसायला फार आवडायचं. येणाऱ्याजाणाऱ्याला हात वर करायचे. मग एके दिवशी काय झालं कोण जाणे, बाहेर यायचंच सोडलं. विनवण्या केल्या, रागावून पाहिलं. खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. सबंध थंडी अंगाला ऊन लागलं नाही. पुढे गवत भिंतीच्या वर चढलं, तेव्हा खिडकीतून त्याच्याकडे बोट दाखवून स्वतःच म्हणाले, चल. तेव्हापासून रोज बसतात. हे गवत तोडू नका, भिंतीचं आम्ही बघून घेऊ.

"हमने तो कभी मुँह खोलकर कहा भी नहीं था," बाईंचे डोळे भरून आले होते. "आपने खुद ही समझ लिया कि इन्हें लोगों के सामने शर्म आती होगी. हम तो सब से कहते हैं, पड़ोसी हो तो ऐसा."

चंद्रहासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शिव्या घातल्या असत्या तर त्याने मान खाली घालून ऐकून घेतल्या असत्या. हे कौतुक कुठे ठेवायचं तेच त्याला कळेना. बँकेत, सोसायटीत, देवळात ही बाई आपले गोडवे गाते आहे, आणि आपण? नाही, हे आता पोटात ठेवायचं नाही. जे होईल ते होवो. घसा खाकरून तो म्हणाला, की आंटीजी, ह्या गवताबद्दल तुम्हाला एक सांगायचंय.

आधी चाय, मग बात, असं म्हणून बाई आत गेल्या. हरकत नाही. चहा घेऊन आल्या की सांगायचं. तो वाक्य मनात घोळवत बसला.

तेवढ्यात मनगटावर हात पडला. साहेब त्याच्याकडे रोखून बघत होते. नजरेत राग नव्हता. दाराकडे एकदा पाहून त्यांनी ओठ हलवले. शब्द अडखळत, एकेक करून आले, पण स्वच्छ मराठीत आले.

"लग्नाआधी भुसावळला होतो मी. हिला मराठी येत नाही. सांगू नका तिला."